जाणता मोजा

मधुमेही माणसाच्या पायांची तपासणी करताना डॉक्टर एक अगदी साधी वस्तू वापरतात. छोट्या दांडीला बसवलेला नायलॉनचा धागा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, धाग्याचं टोक तळपायाला टेकवायचं आणि धागा किंचित वाकेपर्यंत दाबायचं. धाग्याची जाडी आणि लांबी अशी बेतलेली असते, की १० ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. रुग्णाने एवढंच सांगायचं, लागलं की नाही. माझ्या मामांची ही तपासणी झाली तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. अंगठ्याखाली धागा वाकला, मामा गप्प. चवड्यावर वाकला, गप्प. टाचेवर वाकला. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "हं, करा सुरू."

त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. मामा सकाळी मळ्यात गेले, दुपारी येऊन जेवले, जरा आडवे झाले, उन्हं उतरल्यावर पारावर जाऊन आले. दिवेलागणीला मामीला फरशीवर तांबडे ठिपके दिसले, उंबऱ्यापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा आरपार आला होता आणि सकाळपासून मामा त्याच्यावर चालत होते. जखम चिघळली, शेवटी एक बोट काढावं लागलं. "अहो, कळलं कसं नाही तुम्हाला?" असं मामी कितीतरी दिवस विचारत राहिली. मामांकडे उत्तर नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

मी वस्त्रतंत्र शिकवते, त्यातही होजिअरीचं यंत्रकाम. सूत, सुई आणि टाका यांच्या पलीकडे माझं फारसं जग नाही. त्या स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, की पायाची जाणीव गेली हे जर एक धागा सांगू शकतो, तर त्या पायाला काय होतंय हेही धाग्याला सांगता येईल का? हे पुस्तक त्या प्रश्नातून आलं. विषय थोडक्यात असा: मोजा, हातमोजा, पट्टा किंवा चटई विणतानाच तिच्यात वीज वाहून नेणारा धागा घालायचा, आणि त्या वस्तूला दाब, ताण किंवा उष्णता ओळखायला शिकवायचं. कापडावर वरून यंत्र चिकटवायचं नाही. कापडाची वीणच संवेदक व्हायला हवी.

हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला अशी माझी समजूत होती. ती लवकरच गेली. तो पडलेला माणूस माझ्या जन्माच्या आधीच कामाला लागला होता, आणि तो जन्माने आपल्याच देशातला होता. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या घरी झाला. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करू लागले. आनंदवनामुळे मराठी वाचकाला या रोगाची सामाजिक बाजू चांगली ठाऊक आहे. ब्रँड यांनी त्याची शारीरिक बाजू उलगडली. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' असं जग मानत होतं. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती मुख्यतः वेदना गेल्यामुळे. चटका, काटा, घट्ट चप्पल, एकाच जागी पडणारा रोजचा दाब, यांतलं काहीच न कळल्याने माणूस स्वतःचा पाय स्वतःच झिजवत राहतो.

१९६६ साली ते अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पातळ मोजा तयार केला. त्यात रंग भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्या होत्या. रुग्णाने तो घालून, वर बूट चढवून थोडं चालायचं. जिथे दाब जास्त तिथल्या कुप्या फुटत आणि मोज्यावर गडद डाग उमटत. पुढच्या काही महिन्यांत जखम कुठे होणार, ते आजच मोज्यावर दिसे, आणि चर्मकाराला चप्पल नेमकी कुठे कोरायची ते सांगता येई. वीज नाही, तार नाही, तरी मोजा बोलत होता. माझ्या लेखी जाणत्या कापडाचा इतिहास इथून सुरू होतो. मामांच्या पायाला टेकलेल्या धाग्याची वाटही याच गावातून जाते. स्पर्श मोजण्यासाठी आधी घोड्याचे केस वापरत, पुढे नायलॉनचे धागे आले. पण पायाचं रक्षण करण्याइतकी जाणीव शिल्लक आहे का, हे ठरवायला १० ग्रॅमचा धागा योग्य, हे कारव्हिलमधल्या अभ्यासातून १९८६ साली पुढे आलं.

ब्रँड यांच्या मोज्यात एक उणीव होती. तो एकदाच बोलायचा. कुप्या फुटल्या की संपलं. दाब सकाळी पडला की संध्याकाळी, सपाट रस्त्यावर की जिन्यावर, हे त्याला सांगता येत नसे. तेवढ्यासाठी वीज लागते.

आता थोडं विणीबद्दल. मराठीत आपली एक अडचण आहे: पैठणीही विणतात आणि स्वेटरही विणतात. क्रियापद एकच, पण दोन्ही कामं मुळात वेगळी आहेत. मागावर ताणा उभा ताणलेला असतो आणि धोटा बाणा घेऊन त्यातून ये-जा करतो. धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात आणि जागच्या जागी घट्ट बसतात. सुयांवरच्या विणकामात बहुधा एकच धागा असतो. त्याचा एक फास, फासातून दुसरा फास, असं करत ओळीवर ओळ चढते. एक सुलट, एक उलट. या पुस्तकात 'वीण' आणि 'टाका' हे शब्द सुयांच्या कामासाठीच वापरले आहेत. मागावरच्या कापडाला 'मागाचं कापड' म्हटलं आहे.

मोजा ताणला तर ताणला जातो. तुम्ही म्हणाल धागा ताणला जातो. तसं नाही, साधा सुती धागा जवळजवळ ताणला जातच नाही. ताणला जातो तो फास. आडवं ओढलं की फास रुंद होतो आणि बुटका होतो, उभं ओढलं की लांबट आणि अरुंद. धागा तेवढाच राहतो, फक्त आकार बदलतो. म्हणून विणलेली वस्तू गुडघ्यावर, टाचेवर, गर्भवतीच्या पोटावर चुणी न पडता बसते. मागाच्या कापडाला तिथे कापावं, शिवावं लागतं.

आणि मोजा तर विणकामाच्या यंत्राचा पहिलाच विषय. १५८९ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावी विल्यम ली या पाद्र्याने जी चौकट बनवली, ती पायमोजे विणण्याची होती. कापसाच्या सूतगिरण्या उभ्या राहायला अजून दीड-पावणेदोन शतकं होती. जपानमध्ये वाकायामाला मासाहिरो शिमा यांनी १९६२ साली कंपनी काढली ती हातमोज्यांच्या यंत्रासाठी. तरुणपणी त्यांनी कामगारांच्या हातमोज्यांच्या मनगटाला लवचिक धागा घातला होता, मोजा यंत्रात अडकला तर हात सुटून यावा म्हणून. पुढे १९९५ साली त्यांच्या कंपनीने अख्खा स्वेटर एकही शिवण न घालता विणणारं यंत्र जगापुढे आणलं. त्यामागची कल्पनाही हातमोज्याचीच: तीन बोटं घ्यायची, मधलं मोठं करायचं म्हणजे धड, बाजूची दोन म्हणजे बाह्या. आज दाब ओळखणारे मोजे विणणाऱ्या अनेक प्रयोगशाळा अशाच यंत्रांवर काम करतात. विल्यम लीच्या चौकटीपासून शिमांच्या यंत्रापर्यंत ही सगळी वाट हातापायांच्या मापाने आखलेली आहे, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

आपल्या घरच्या विणकामात जिथे दुसऱ्या रंगाचं फूल काढायचं असतं, तिथे आपण दुसऱ्या रंगाची लोकर घेतो आणि फूल संपलं की सोडून देतो. यंत्राला हेच सांगायचं, फक्त रंगीत लोकरीच्या जागी चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन द्यायचा. पायमोज्याच्या यंत्रावर १६८ सुया आणि मोज्याला ३०० ओळी धरल्या, तरी पन्नास हजारांवर टाके होतात. त्यातला नेमका चवड्याखालचा टाका चांदीचा, शेजारचा सुताचा, असं टाक्याटाक्याने ठरवता येतं. ही मुभा मला या विषयातली सर्वांत श्रीमंत गोष्ट वाटते.

माझ्या टेबलावर तळहाताएवढा एक तुकडा कायम असतो. साधी सुलट वीण, मधे बोटभर रुंदीची चांदीच्या धाग्याची पट्टी. पट्टीच्या दोन टोकांना मल्टिमीटरचे चिमटे लावायचे. तुकडा नुसता पडून असतो तेव्हा शेजारशेजारचे फास एकमेकांना टेकलेले असतात. वीज धाग्याचा सगळा वळसा घेत नाही, टेकलेल्या जागांमधून आडवाटेने जाते, म्हणून रोध कमी दिसतो. तुकडा आडवा ओढला की फास दूर सरतात, आडवाटा तुटतात, वीज लांबच्या रस्त्याने जाऊ लागते आणि आकडा चढतो. बोटाने दाबलं तर उलटं: स्पर्श घट्ट होतो, आकडा उतरतो. मुलांना मी आधी नुसतं ओढायला आणि दाबायला लावते, सूत्र नंतर. कापड आपल्या बोटाला उत्तर देतंय हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

मग मी त्यांना तुकडा सोडायला सांगते. आकडा खाली येतो, पण जिथून निघाला होता तिथे येत नाही. थोडा वरच थांबतो, मग अगदी सावकाश घरंगळत राहतो. धाग्याला धागा घासतो, फास पूर्वीच्या जागी पुरता परतत नाही. नवा स्वेटर दोन-चार धुण्यांत 'बसतो' म्हणतो ना आपण, तेच हे बसणं. घालणाऱ्याला ते सुखाचं, मोजणाऱ्याला जाचाचं. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण या परत न येणाऱ्या आकड्याबद्दल आहे, आणि ते लांब आहे कारण या क्षेत्रातलं निम्मं काम तिथेच अडतं.

वीज आणि वस्त्र यांच्या आधुनिक भेटीची गोष्ट इतरत्र पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून इथे धावती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांच्या गटाने अमेरिकी नौदलासाठी असं वस्त्र केलं, की सैनिकाला गोळी कुठे लागली ते कळावं. त्याच सुमारास एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मॅगी ऑर्थ आणि रेहमी पोस्ट यांनी भरतकामाने विद्युतमंडल काढायला सुरुवात केली. त्यांच्या सुरुवातीच्या कापडांत धातूची पत्ती गुंडाळलेलं रेशमी ऑर्गन्झा होतं, आणि असं कापड भारतात पिढ्यान्‌पिढ्या विणलं जातंय हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. रेशमाच्या धाग्यावर धातू गुंडाळणं म्हणजे आपली जर. पैठणीच्या पदरातून वीज जाईल का, हा प्रश्न माझ्या विद्यार्थिनींनी मला दरवर्षी विचारला आहे. खरी जर असेल तर धातू तिथे आहेच.

सुयांच्या विणीकडे संशोधक वळले ते थोडं नंतर. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात जेनेव्हीव डिओन यांच्या गटाने गर्भवतीच्या पोटावरचा पट्टा विणला. त्यात चांदीच्या धाग्याची अँटेनाच वीण म्हणून घातली, म्हणजे कळा आल्या की पट्टा ताणला जातो आणि अँटेनाचं उत्तर बदलतं. कापडात बॅटरी नाही. २०२१ साली एमआयटीतून यंत्रावर विणलेले मोजे, हातमोजे आणि बंडी यांचं काम प्रसिद्ध झालं. पायाखालच्या दाबावरून माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे त्यातून ओळखता येत होतं. २०२२ मध्ये तिथल्याच इर्मांडी विचाक्सोनो यांनी दाब ओळखणारी विणलेली चटई केली. तिच्यावर उभं राहून योगासन केलं की कोणतं आसन ते संगणक सांगे. रचना सोपी आहे: खालच्या थरात वाहक धाग्याचे आडवे पट्टे, वरच्या थरात उभे, मधे दाबाने रोध बदलणारा थर. १६ आडवे, १६ उभे असतील तर ३२ जोडण्यांमध्ये २५६ जागांचा दाब वाचता येतो. खेळ सगळा ओळ आणि रकान्याचा.

प्रयोगशाळेत हे चालतं. घरात का चालत नाही, याचं उत्तर पैंजणापाशी आहे. चांदी पायात घालायची आपली जुनी रीत. घामाने पैंजण काळं पडतं आणि सणाच्या आधी आई ते रिठ्याच्या पाण्यात घासते. मोज्यातली चांदी पैंजणासारखी जाड नसते. धाग्यावर नुसतं पातळ कवच असतं. ते काळवंडलं, घासलं गेलं की वाट बंद. पोलादी तंतू टिकतो पण टोचतो, आणि जाणीव गेलेल्या पायाला टोचणारा मोजा घालणं हा अपराधच. तांब्याची बारीक तार वाकून वाकून तुटते. शिवाय मऊ कापड जिथे कडक यंत्राला भेटतं तो सांधा. बहुतेक ठिकाणी तिथे साधं टिचबटण असतं, आणि बहुतेक वस्तू मरतात त्या तिथेच. धुलाईच्या आंतरराष्ट्रीय चाचण्या घरगुती यंत्रात होतात. दगडावर आपटून, सोड्यात भिजवून धुतलेल्या मोज्याचं काय होतं, ते आपल्यालाच तपासायला हवं.

जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीचं बाळाचं टोपडं विणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चांदी, नायलॉन आणि चिकटवलेले सांधे असलेली वस्तू अशी उसवता येत नाही. उसवता येईल अशी रचना करा, असं मी विद्यार्थ्यांना हट्टाने सांगते.

पण धुलाईपेक्षा अवघड प्रश्न पुन्हा ब्रँड यांच्याकडेच नेतो. रंगाच्या मोज्यावर ते थांबले नव्हते. वेदनेची जागा घेणारं यंत्र बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. इंजिनिअरांना सोबत घेऊन दाब मोजणारे हातमोजे आणि पायमोजे केले. दाब वाढला की कानात आवाज. रुग्णांनी आवाज ऐकला आणि काम चालूच ठेवलं. मग आवाजाऐवजी काखेत विजेचा झटका. तेव्हा रुग्ण काय करत? अवघड काम आलं की यंत्र बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. फिलिप यान्सी यांच्यासोबत १९९३ साली लिहिलेल्या पुस्तकात ब्रँड यांनी हे अपयश मोकळेपणाने सांगितलं आहे. खरी वेदना बंद करता येत नाही, म्हणून ती ऐकावी लागते. इशारा बंद करता येतो.

इथे मी विद्यार्थ्यांना थांबवते. दाब मोजणं आपल्याला जमू लागलंय. मोजलेल्या दाबाचं माणसाने काय करायचं, हे सुयांनी सुटणारं कोडं नाही. मात्र एक दिशा मला आशेची वाटते. क्षणाक्षणाला बोंबलणाऱ्या इशाऱ्यापेक्षा दिवसातून एकदा दिलेली शांत खबर बरी. जखम होण्याआधी त्या जागी आतून दाह सुरू होतो आणि त्वचा तापते. दोन पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सिअसचा फरक राहिला तर सावध व्हावं, असं डॉक्टर मानतात. रोज काही सेकंद पाय ठेवायच्या एका चटईचा अभ्यास अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झाला. काटा-खिळा लागून न झालेल्या जखमांपैकी ९७ टक्के तिने आधी ओळखल्या, सरासरी पाच आठवडे आधी. खोटे इशारेही पुष्कळ होते. ती चटई विणलेली नव्हती, पण तिने सवयीचं गणित बरोबर मांडलं होतं. आता मामांच्या काट्याला ही चटई उपयोगाची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. तो काटा त्याच दिवशी, त्याच क्षणी कळायला हवा होता. एकाच पायाला दोन वेगळ्या जाणिवांची गरज असते.

आणि मोजाच का? हा प्रश्न बोस्टनमध्ये कुणी विचारणार नाही. तिथे बूट आहे, थंडी आहे. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने सांगितलं. त्यांतले कितीजण रोज मोजे घालतात? मामांनी आयुष्यात मोजे घातले ते लग्नात, बुटासोबत. घरात अनवाणी, देवळात अनवाणी, मळ्यात चप्पल. म्हणून या पुस्तकाच्या शेवटच्या भागात मोजा थोडा मागे पडतो. चपलेच्या तळावर बसणारं विणलेलं अस्तर, आणि देवघरासमोर घालायचं बसकर, या दोन वस्तूंचे आराखडे तिथे टाक्यांच्या नकाशासह दिले आहेत. सकाळी पूजेला माणूस त्याच जागी, तेवढाच वेळ, अनवाणी उभा राहतो. चटईला याहून चांगली वेळ कोण देणार?

आराखडे पुरे झालेले नाहीत. अस्तराचा चवडा दोन महिन्यांत झिजतो. बसकराला ओल लागली की आकडे भरकटतात. ज्याला यंत्र मिळेल, ज्याच्या घरी विणणारी आजी असेल, ज्याच्या गावी चर्मकार असेल, त्याने हे पुढे न्यावं म्हणून सगळी मापं आणि सगळ्या चुका उघड्या ठेवल्या आहेत.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी वाचकाने एक करावं. दोन सुया आणि थोडी लोकर घ्यावी, वीस टाके घालावेत, दहा-बारा ओळी सुलट-उलट विणाव्यात. येत नसेल तर घरात कुणालातरी विचारावं. मग तो तुकडा दोन्ही हातांत धरून आडवा ओढावा, सोडावा, आणि फास परत येताना किती वेळ घेतात ते बघावं.